जुने बियाणे आणि उगवणीचा आकडा: पार्श्वभूमी

शिल्लक राहिलेले बियाणे पुढच्या हंगामात पेरावे का, असा प्रश्न आला की बहुतेकांची नजर पाकिटावरच्या उगवणीच्या टक्केवारीकडे जाते. ही टक्केवारी नेमके काय मोजते, यावर तज्ज्ञांमध्ये एकेकाळी चांगलीच जुंपली होती.

प्राचीन बियांच्या सुरस कथांवरून पेरणीचा निर्णय घेऊ नये. इजिप्तच्या थडग्यांतला गहू उगवल्याची एकोणिसाव्या शतकातली आवई खोटी ठरली. इस्रायलमधल्या मसाडा या प्राचीन किल्ल्यात सापडलेली सुमारे 2000 वर्षांपूर्वीची खजुराची बी 2005 मध्ये उगवली, हे खरे. मिशिगनमध्ये 1879 साली बाटल्यांत भरून पुरलेल्या तणांच्या बियांपैकी काही 2021 मध्येही उगवल्या, हेही खरे. पण साध्या कपाटात ठेवलेले कांद्याचे बी एक-दोन वर्षांतच ढेपाळते.

आपल्या प्रश्नाशी खरा संबंध येतो तो बीजपरीक्षणाचा. पहिली बीजपरीक्षण प्रयोगशाळा 1869 मध्ये जर्मनीतल्या थारांट येथे निघाली. त्या काळी बियाण्यात भेसळ सर्रास होती आणि मेलेले बीही खपवले जाई. विकणारा आणि घेणारा यांच्यातला तंटा तोडायचा, तर एकाच नमुन्याला कोणत्याही प्रयोगशाळेत सारखाच आकडा मिळायला हवा. 1924 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि मतभेद उघड झाले. युरोपातल्या प्रयोगशाळा ओलावा, उष्णता आणि प्रकाश सगळे मनासारखे देऊन बी उगवून पाहत. अमेरिकेतल्यांचा कल वेगळा होता. बी शेतात पडणार आहे, तर चाचणी मातीच्या जवळ जाणारी हवी, असे त्यांचे म्हणणे. पण माती जागोजागी बदलते आणि तिच्याबरोबर आकडाही बदलतो, हा त्यावरचा आक्षेप.

1950 च्या परिषदेत वाटणी झाली. ‘उगवण’ म्हणजे अनुकूल परिस्थितीतली उगवण, एवढेच ठरले. प्रतिकूल जमिनीतून वर येण्याची ताकद ‘जोम’ या वेगळ्या नावाखाली गेली. जोमाची व्याख्या ठरायला 1977 उजाडले. व्यापाराच्या दृष्टीने हा तोडगा सोयीचा होता, हे मान्य. पण पाकिटावर छापायला उगवणच राहिली आणि जोम प्रयोगशाळेतच अडकला. जुने बियाणे हातात असणाऱ्याचे नुकसान झाले ते इथेच.

कारण बी म्हातारे होताना आधी जोम जातो, उगवण नंतर. उगवणीचा आलेख बराच काळ जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्या सपाट भागाच्या शेवटाला आलेले बियाणे ओल्या कागदावर 85 टक्के दाखवील. तेच थंड, चिकट जमिनीत टाकले की निम्मेही वर येईलच असे नाही. ही उणीव भरून काढायला जोमाच्या वेगळ्या चाचण्या आहेत. मका 10 अंश सेल्सिअसला थंड मातीत ठेवून पाहतात. सोयाबीन 41 अंशांच्या दमट हवेत 72 तास ठेवून मुद्दाम थकवतात आणि मग उगवायला घालतात.

साठवणुकीचा ठोकताळाही विसाव्या शतकातलाच. बियाण्यातला ओलावा 1 टक्क्याने किंवा तापमान सुमारे 5 अंशांनी उतरवले की आयुष्य दुप्पट होते. ओलाव्याचा हिशेब 5 ते 14 टक्क्यांच्या दरम्यानच लागू पडतो. म्हणूनच पाकिटावरच्या तारखेपेक्षा मधल्या काळात बी कुठे होते, हे जास्त महत्त्वाचे. उन्हाने तापलेल्या पत्र्याखालचे एक वर्ष हवाबंद डब्यात थंडाव्याला ठेवलेल्या अनेक वर्षांना भारी पडते.

वाणांचे बी दीर्घकाळ जपणाऱ्या बीजपेढ्या तर उणे 18 अंशांवर साठवूनही निर्धास्त नसतात. उगवण सुरुवातीच्या उगवणीच्या 85 टक्क्यांखाली गेली की वाण पुन्हा शेतात वाढवून ताजे बी धरायचे, असा त्यांचा दंडक आहे. कारण म्हाताऱ्या बियांत गुणसूत्रांचे बिघाड वाढतात, हे 1930 च्या दशकातच दिसून आले होते.

चाचणीच्या नियमांत मात्र जोमाचा एक धागा शिल्लक आहे: कोंब दोनदा मोजतात आणि जोमदार बी पहिल्याच मोजणीत दिसते. गव्हाची पहिली मोजणी चौथ्या दिवशी होते, शेवटची आठव्या. कांद्याची सहाव्या आणि बाराव्या. घरी ओल्या कागदात 100 बिया गुंडाळून या दोन्ही दिवशी कोंब मोजता येतात. बहुतेक कोंब पहिल्या मोजणीतच दिसले, तर जुने बीसुद्धा पेरायला हरकत नाही. निम्मे कोंब रखडत दुसऱ्या मोजणीत आले, तर शेवटची टक्केवारी कितीही चांगली असो, ते बी मुख्य शेतात घालू नये. फार तर रोपवाटिकेत, भुसभुशीत मातीत, दाट टाकावे.