अवपात-निवारा (अमेरिका)

अवपात-निवारा : अणुस्फोटानंतर आकाशातून खाली बसणाऱ्या किरणोत्सारी धुळीपासून, म्हणजेच अवपातापासून, काही दिवस बचाव करण्यासाठी बांधलेली किंवा मुक्रर केलेली बंदिस्त जागा. शीतयुद्धकाळात, विशेषतः १९५४ ते १९६३ या वर्षांत, अमेरिकेत तिचा मोठा प्रचार झाला. मराठीत तिला सरसकट ‘बॉम्बनिवारा’ म्हणतात, ते नेमके नाही. स्फोटाचा दाब, उष्णता आणि आगीचे लोळ यांपुढे तळघरातला असा निवारा टिकेल, असे तो आखणाऱ्यांनीही गृहीत धरले नव्हते. तो होता धुळीसाठी.

उगम : याच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएट संघाने पहिली अणुचाचणी केली, तेथून या कल्पनेची सुरुवात धरावी. डिसेंबर १९५० मध्ये संघीय नागरी संरक्षण प्रशासन स्थापन झाले आणि शाळांतून मुलांना बाकाखाली शिरून डोके झाकण्याचे धडे दिले जाऊ लागले. तथापि या काळातील सगळा भर स्फोटावर आहे. अवपात हा शब्द सामान्य माणसाच्या कानावर क्वचितच पडलेला दिसतो. त्यामुळे १९५४ हा आरंभ धरणारे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातील बिकिनी कंकणद्वीपावर झालेल्या अमेरिकेच्या ‘ब्राव्हो’ या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची शक्ती अपेक्षेच्या दुपटीहून अधिक, सु. १५ मेगाटन भरली. शंभर कि.मी.हून अधिक अंतरावरील जपानी मासेमारी नौकेवर पांढरी राख पडून तिचे २३ खलाशी आजारी पडले; त्यांपैकी एक सप्टेंबरमध्ये दगावला. (चाचण्या तूर्त थांबवाव्यात हे नेहरूंचे २ एप्रिल १९५४ चे आवाहन याच घटनेनंतरचे.) फेब्रुवारी १९५५ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने सु. ७,००० चौ. मैल टापू प्राणघातक ठरू शकेल इतका दूषित झाल्याचे मान्य केले. शहरापासून लांब राहिले की वाचलो, हा हिशोब तेथे मोडला.

साम्यवादाची भीती याहून जुनी होती. सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी १९४७ पासून सुरू होती, सरकारात साम्यवादी शिरल्याचे सेनेटर मॅकार्थीचे आरोपसत्र फेब्रुवारी १९५० मध्ये सुरू झाले आणि अणुगुपिते फोडल्याच्या कटात दोषी ठरलेल्या रोझेनबर्ग दांपत्याला १९ जून १९५३ रोजी देहदंड झाला. निवारा हे या दोन भीतींचे सांधलेले रूप होय, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो अंशतःच खरा; कारण निवाऱ्याची खरी लाट आली ती मॅकार्थीचा जोर ओसरल्यावर.

तत्त्व : अवपातातील धोका मुख्यतः गॅमा किरणांचा. ते अडतात वस्तुमानाने. पदार्थ कोणता याला तुलनेने कमी महत्त्व. किरणांची तीव्रता निम्मी करण्यास काँक्रीट सु. ६ सेंमी., तर चोपलेली माती सु. ९ सेंमी. लागते. म्हणजे ९० सेंमी. मातीत दहा वेळा निम्मे होऊन सु. एक सहस्रांश उरते. काळाचा नियमही सोपा सांगितला जाई : स्फोटापासूनचा वेळ सातपट झाला की तीव्रता एक दशांश होते. पहिल्या तासाअखेरीस ताशी १,००० राँटगेन (किरणमात्रेचे एकक) असल्यास सात तासांनी १००, दोन दिवसांनी १० आणि दोन आठवड्यांनी सु. १. ‘चौदा दिवस’ हा आकडा येथून आला. या नियमाची मेख अशी की तो एकाच स्फोटाला लागू पडतो. वेगवेगळ्या वेळी पडलेल्या अनेक बॉम्बची धूळ एकत्र आली की गणित चुकते.

घरगुती रचना : जून १९५९ मधील सरकारी पुस्तिकेतील सर्वांत स्वस्त नमुना तळघराच्या कोपऱ्यातला होता. दोन बाजूंना बाहेरची माती आयती मिळे, उरलेल्या बाजूंना भरीव काँक्रीट ठोकळ्यांची सु. २० सेंमी. जाडीची भिंत. पोकळ ठोकळे वापरल्यास त्यांत वाळू भरणे आवश्यक. ती न भरणे ही नेहमीची चूक. दारापुढे आडवी भिंत घालून वाट काटकोनात वळवीत, कारण किरण सरळ रेषेत जातात आणि वळणावर त्यांचा जोर मोडतो. खरी कच्ची बाजू छत. धूळ साचणार घराच्या कौलांवर, आणि तुळयांवर ठोकळे रचून केलेले छत भिंतीइतके जाड करणे कठीण. अंगणात पुरलेला निवारा अधिक सुरक्षित, पण खर्च तळघरातल्याच्या कित्येक पट. शिवाय भूजल वर असल्यास पाणी झिरपे, पत्रे गंजत.

हवेचा प्रश्न किरणांइतकाच गंभीर होता. माणशी मिनिटाला किमान ३ घनफूट ताजी हवा लागे. त्यासाठी हाताने फिरवायचा पंखा. तरी कार्बन डायऑक्साइडच्या आधी उकाडाच असह्य होई, कारण प्रत्येक शरीर साधारण १०० वॉटच्या दिव्याएवढी उष्णता सोडते.

सार्वजनिक निवारे : बर्लिन पेचप्रसंगात, २५ जुलै १९६१ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नागरी संरक्षणासाठी वाढीव निधी मागितला. त्यानंतर देशभरच्या इमारतींची पाहणी होऊन पिवळ्या-काळ्या पाट्या लागल्या : काळ्या वर्तुळात तीन पिवळे त्रिकोण, खाली माणसांची संख्या. माणशी जागा १० चौ. फूट, किमान ५० माणसे. आत मिळणारी किरणांची मात्रा बाहेरच्या एक चाळिसांशाहून अधिक नसावी, अशी अट होती. आरंभी ती एक शतांश होती, इमारती पुरेनात म्हणून सैल केली गेली असावी. पाण्याचे पिंप साडेसतरा गॅलनचे, पाच माणसांना चौदा दिवस. रिकामे झाले की त्यावर बैठक ठेवून तेच शौचकूप. अन्न म्हणजे बल्गर गव्हाची कडक बिस्किटे आणि साखरेच्या गोळ्या, माणशी एकूण सु. १०,००० कॅलरी, म्हणजे अर्धपोटीच. संचातील गायगर मापक फक्त सौम्य किरणोत्सर्गासाठी. तीव्र क्षेत्रात तो गोंधळून शून्याकडे झुके. नवख्याच्या हाती तो जीवघेणाच. मोठ्या मात्रेसाठी वेगळे मापक दिले होते.

शेजाऱ्याचा प्रश्न : सप्टेंबर १९६१ मध्ये मॅकह्यू या जेझुइट धर्मगुरूने निवाऱ्यात घुसू पाहणाऱ्याला बळाने रोखणे नीतीला धरून आहे, असे लिहिले आणि वाद पेटला. भाडेकरूंना तळघर नव्हते, अंगणही नव्हते. निवारा मुळात घरमालकाचा. न्यूयॉर्कमध्ये हवाई हल्ल्याच्या सरावाच्या वेळी आडोशाला जाण्यास नकार देणाऱ्या डोरोथी डे आणि इतर शांततावाद्यांना १५ जून १९५५ रोजी अटक झाली होती. असे सराव १९६१ नंतर बंद पडले.

ऱ्हास : ५ ऑगस्ट १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारानंतर उत्साह मावळला. स्वित्झर्लंडने त्याच वर्षी कायदा करून घरोघरी निवारे आणले. अमेरिकेत मात्र साठा बदलला गेला नाही. बिस्किटांना खवट वास येऊ लागला, औषधपेट्यांतील फेनोबार्बिटल हे गुंगीचे औषध चोरीस गेले. कायदेमंडळासाठी वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीनब्रायर हॉटेलाखाली बांधलेला गुप्त निवारा तेवढा सज्ज राहिला. हॉटेलातील दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारे म्हणून वावरणारे कर्मचारी त्याची देखभाल करीत. ३१ मे १९९२ रोजी तो वृत्तपत्रातून उघड झाला.