नमपायमध्ये स्लाइस आणि यादी: दिसायला जुळी, वागायला वेगळी

ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. मुंबईच्या ट्रान्स-हार्बर लोकल मार्गाची ही सात स्टेशनं म्हणजे सात ओळी, दिवसाचे २४ तास म्हणजे २४ स्तंभ, आणि प्रत्येक घरात त्या तासाला गाडीत चढलेले प्रवासी. अशी एक नमपाय अ‍ॅरे आहे असं समजू, नाव 'गर्दी'. (नमपाय म्हणजे पायथनची आकडेमोडीची लायब्ररी, अ‍ॅरे म्हणजे तिचा आकड्यांचा तक्ता.) (पायथन ३ला देवनागरी नाव चालतं. आकडे मात्र इंग्रजीच टाइप करावे लागतात, इथले पाहून तसेच उतरवू नका.)

पहिली तीन स्टेशनं हवीत. मोजणी शून्यापासून. गर्दी[०:३] अशी स्लाइस लिहा (० पासून, ३ च्या आधीपर्यंत) नाहीतर गर्दी[[०,१,२]] अशी क्रमांकांची यादी, छापून पाहिलं तर आकडे तेच.

पण गर्दी[०:३] या स्लाइससाठी नमपाय एकही आकडा हलवत नाही. मूळ मेमरीत सुरुवात कुठे आणि पुढची ओळ किती बाइटवर, एवढंच टिपून ठेवतं. आठ बाइटचा एक आकडा धरला तर एक ओळ १९२ बाइटची. एकाआड एक स्टेशन हवं असेल, [::२], तर उडी ३८४ची. म्हणूनच स्लाइसमध्ये शून्य भरलंत की मूळ अ‍ॅरेतही शून्य.

यादीत मात्र ठाणे, रबाळे, घणसोली, पुन्हा ठाणे असं काहीही मागता येतं. अशा उड्यांना एकच माप नसतं, मग नमपाय सरळ झेरॉक्स काढून देतं. यादी ०,१,२ अशी ओळीने असली तरी झेरॉक्सच.

यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. गर्दी[[०,१,२]] = ० असं थेट लिहिलं तर मूळच बदलतं, कारण तिथे काही काढून घेतलेलं नसतं. पण गर्दी[[०,१,२]][:, ८] = ० (म्हणजे त्या ओळींचा ८ क्रमांकाचा स्तंभ) लिहिलंत, तर शून्यं झेरॉक्सवर पडतात आणि झेरॉक्स कचऱ्यात जाते. एररही येत नाही.

ओळी आणि स्तंभ अशा दोन्ही अक्षांवर निवड केली तर उत्तराचा आकारच बदलतो. गर्दी[०:२, ८:१०] चार घरं देतं. गर्दी[[०,१],[८,९]] दोनच: ठाण्याचा आठचा आकडा, दिघ्याचा नऊचा. याद्यांच्या जोड्या लागतात. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरवरून आलेले इथे हमखास चकतात, तिकडे दोन याद्या दिल्या की पूर्ण चौकट मिळते. नमपायमध्ये चौकट हवी तर याद्या आधी 'आयएक्स अंडरस्कोर' फंक्शनमधून काढा.

हातात मूळ आहे की झेरॉक्स अशी शंका आली, तर 'शेअर्स अंडरस्कोर मेमरी'ला दोन्ही अ‍ॅरे द्या. ते खरं-खोटं सांगतं.