अंगावरचं दूध काढून ठेवणं

अंगावरचं दूध काढून ठेवणं म्हणजे आईनं आपलं दूध हातानं पिळून नाहीतर पंपानं काढायचं, झाकणाच्या भांड्यात साठवायचं, आणि लेकरू जवळ नसताना किंवा त्याला ओढताच येत नसताना ते वाटी-चमच्यानं पाजायचं. मराठवाड्यात याला ठरलेलं एक नाव नाही. कुणी दूध काढणं म्हणतं, कुणी पिळणं, दवाखान्यातल्या सिस्टर एक्सप्रेस करा म्हणतात, आणि नोकरीवाल्या पोरी सरळ पंपिंग करायले म्हणून मोकळ्या होतात.

यातलं काढणं नवीन नाही, साठवणं नवीन आहे. शेतातून उन्हातान्हाचं आलेल्या बाईनं आधी दोन-चार धारा पिळून टाकायच्या अन मगच लेकराला घ्यायचं, हे इकडच्या जुन्या बायांना पक्कं ठाऊक, कारण उन्हानं दूध तापतं आणि छातीत राहून शिळं होतं असा समज. खरं तर छातीतलं दूध शिळंही होत नाही आणि उन्हानं बिघडतही नाही, ते अंगाच्याच तापमानाला असतं आणि सारखं तयार होत राहतं, त्यामुळं त्या धारा फुकट जातात एवढंच. पण त्या निमित्तानं हातानं दूध काढायची कला मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आता जी आजी छातीतलं ताजं दूध शिळं म्हणून पिळायला लावते ती फ्रिजातलं कालचं दूध लेकराला पाजू देईल का, हा प्रश्न बहुतेक घरात पंपाच्या किमतीपेक्षा मोठा असतो. माझ्या घरी पहिली बाटली सासूबाईंनी मोरीत ओतली होती, वाईट बुद्धीनं नाही, लेकराच्या काळजीनंच.

का काढावं लागतं

सगळ्यात जास्त गरज कमी दिवसाच्या आणि कमी वजनाच्या लेकरांना. असं लेकरू जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात काचेच्या पेटीत, आई बाहेर वॉर्डात, आणि ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या लेकराला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एका तालात जमत नाही, म्हणून आईनं काढलेलं दूध नळीनं नाहीतर चमच्यानं द्यावं लागतं. अशा वेळी बाळंतपणानंतर पहिल्या ६ तासांच्या आत काढायला सुरुवात करायची आणि दिवसरात्र मिळून निदान ८ वेळा काढायचं, रात्रीची पाळी चुकवायची नाही असं सांगतात, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं. पहिल्या दोन-तीन दिवसात निघतं ते काही थेंब, चमचाभर, घट्ट पिवळसर. हाच चीक. गाईच्या चिकाचा खरवस आपण कौतुकानं गल्लीभर वाटतो आणि बाईचा चीक मात्र घाण म्हणून टाकायला सांगणारी माणसं आजही भेटतात! तो थेंबही वाया घालवायचा नसतो, सिरिंजमधे ओढून तसाच पाजतात.

दुसरं कारण छाती दाटणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, लेकरू झोपाळू असलं की छाती दगडासारखी होते, बोंडीभोवतीचा काळा भाग ताणला जातो आणि लेकराला तोंडात धरताच येत नाही, मग थोडं पिळून मऊ केलं की ते धरतं. काढायच्या आधी कोमट शेक आणि नंतर थंड पट्टी, एवढ्यानं बरंच काम होतं. गाठ राहिली, जागा लाल झाली, थंडी वाजून ताप आला तर घरगुती लेप लावत बसू नये, डॉक्टरला दाखवावं, आणि त्या बाजूचं दूध बंद करू नये, उलट पाजत राहायचं, लेकरू ओढत नसलं तर काढायचं.

तिसरं कारण अर्थात नोकरी.

पान्हा

दूध असणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं, हे ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्याला शिकवावं लागत नाही. वासरू लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही, अनोळखी माणूस बसला की दूध चढवून घेते. बाईचंही तेच. ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटलं की दूध वाहायला लागतं आणि भीती, दुखणं, लाज, घाई यानं ते अडतं (गोठ्यात काही लोक चोरून जे इंजेक्शन मारतात ते याच हार्मोनचं). म्हणून लेकरू जवळ नसेल तर त्याचं दुपटं नाकाशी धरून, मोबाईलमधला फोटो बघत, पाठीला कुणाकडून तरी चोळून घेत बसलं की फरक पडतो. पंपाच्या बाटलीत किती आलं यावरून आपल्याला दूध किती आहे हे ठरवणारी बाई हमखास रडते, लेकरू मशीनपेक्षा चांगलं ओढतं आणि पंपाला सरावायला काही दिवस जातात. एक ते सहा महिन्यांचं लेकरू दिवसाला सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास पितं, म्हणजे एका वेळेला साधारण ६० ते १२० मिलि, त्यामुळं सुरुवातीला बाटलीच्या तळाशी दोन बोटं दूध दिसलं तर त्यात रडण्यासारखं काही नाही.

हातानं काढणं आणि पंप

हातानं काढायला साबणानं धुतलेले हात आणि उकळून घेतलेली वाटी पुरते. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, बोंडीपासून साधारण ३ सेंटिमीटर मागं, म्हणजे काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीच्या फासळ्यांकडं दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडं, मग सोडायचं. बोंडी ओढायची नाही, कातडीवर बोटं घासायची नाहीत. धार कमी झाली की बोटांची जागा फिरवायची, बाजू बदलायची, परत पहिल्या बाजूला यायचं, असं सगळं मिळून २०-३० मिनिटं. पहिल्या दिवसात पंपापेक्षा हातच बरा, कारण थेंबभर चीक पंपाच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतो.

पंपाचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर अमेरिकेत १८५४ मधे ऑर्वेल नीडहॅमला त्याचं पेटंट मिळालं, पुढं १९२० च्या दशकात बुद्धिबळपटू आणि इंजिनियर एडवर्ड लास्करनं विजेवर चालणारा पंप केला, आणि १९५६ मधे स्वीडनच्या आयनार एग्नेलनं दवाखान्यात वापरण्यासारखा, कमी दुखवणारा पंप आणला. आपल्याकडं मेडिकलवर सगळ्यात स्वस्त मिळतो तो रबरी फुगेवाला पंप. तो घेऊ नये. दूध फुग्यात शिरतं, फुगा आतून धुताच येत नाही, जंतू वाढतात आणि ओढ हातात राहत नाही म्हणून बोंडीही फुटते. दांडीवाला हातपंप किंवा बॅटरीचा इलेक्ट्रिक पंप बरा, त्यातही छातीला लागणारं नरसाळं आपल्या मापाचं पाहिजे, बोंडी कडेला घासत असली तर माप चुकलं. दुधाला लागणारा प्रत्येक भाग दर वेळी वेगळ्या पातेल्यात साबणाच्या पाण्यानं धुवायचा, भांड्याच्या सिंकमधे टाकायचा नाही, आणि दिवसातून एकदा उकळायचा. आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं, उकळलं की प्लास्टिकवर पांढरा थर बसतो, त्यासाठी उकळायला पिण्याचंच पाणी घ्यावं.

साठवण: ऊन आणि लाईट

पुस्तकातलं गणित सोपं आहे. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, ४ अंशांच्या फ्रिजात ४ दिवस, उणे १८ च्या फ्रीझरमधे ६ महिने उत्तम आणि १२ महिन्यांपर्यंत चालतं. आता २५ अंशांची खोली एप्रिल-मेमधे परभणीत किंवा नांदेडला कुठून आणायची हे त्या पुस्तकवाल्यालाच विचारावं लागेल, बाहेर ४२-४३ आणि पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. म्हणून इकडं उन्हाळ्यात ४ तासांचा नियम विसरायचा, काढलं की लगेच फ्रिजात, नाहीतर बर्फात, नाहीतर पाजून टाकायचं. माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेलं दूध गार लागतं खरं, पण त्या गारव्याचा भरवसा नाही.

फ्रिजात दूध मागच्या बाजूला ठेवायचं, दारात नाही, दार उघडझाप होतं. आणि आपल्या घरात असतो तो बहुतेक सिंगल दाराचा फ्रिज, त्यातला बर्फाचा कप्पा म्हणजे खरा फ्रीझर नव्हे, तिथलं दूध २ आठवड्यांच्या आत संपवावं. लाईट गेली की पहिला नियम, दार उघडायचं नाही. बंद राहिलेला फ्रिज साधारण ४ तास गार राहतो, गच्च भरलेला वेगळ्या दाराचा फ्रीझर ४८ तासांपर्यंत आणि अर्धा भरलेला २४ तास, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवणं फायद्याचं. लाईट आल्यावर दुधात बर्फाचे खडे अजून दिसत असले तर परत गोठू द्यायला हरकत नाही, पूर्ण पातळ झालं पण अजून गार असलं तर फ्रिजात ठेवून २४ तासांत वापरायचं, परत गोठवायचं नाही. ऑफिसातून घरी आणताना गोठलेले आइसपॅक असलेल्या पिशवीत २४ तास निभतं.

भांडं झाकणाचं, स्टीलची डबी, काचेची बाटली किंवा दुधाच्या तयार पिशव्या. एका वेळी लेकरू जेवढं पितं तेवढंच एकात, वर तारीख लिहायची, गोठवताना थोडी जागा रिकामी सोडायची कारण दूध फुगतं. आत्ता काढलेलं कोमट दूध आधीच्या गार दुधात तसंच ओतायचं नाही, आधी गार करून मग मिसळायचं.

फ्रिजातून काढल्यावर वर साय आल्यासारखा थर, खाली निळसर पाणी. इथं नव्वद टक्के सासवा म्हणतात नासलं. नासलेलं नाही, त्यातलं फॅट वर आलंय, डबी हलकेच गोल फिरवली की एकजीव होतं. कधी साबणासारखा वास येतो, तो दुधातल्याच, फॅट फोडणाऱ्या लायपेज एन्झाइममुळं, लेकरू पीत असेल तर ते दूध चालतं. आंबट, फाटलेलं मात्र टाकून द्यावं.

पाजणं

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे उकळणं. दूध म्हणलं की गॅसवर ठेवायची आपली सवय, पण उकळलं की त्यातल्या रोगापासून राखणाऱ्या कितीतरी गोष्टी मरतात. मायक्रोवेव्हही नको, एका जागी तापतं आणि लेकराचं तोंड पोळतं. डबी कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा, झालं. पाजून उरलेलं २ तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा घरातलं जुनं बोंडलं (चोचीची छोटी वाटी) चांगलं, धुवायला सोपं, आणि बाटलीच्या निपलची सवय लागली की काही लेकरं अंगावर प्यायला कुरकुरतात. बाटल्या आणि पावडरच्या दुधाची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्यानं बंदीच आहे.

नोकरी, फड आणि हिरकणी कक्ष

२०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात (हा भाग आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय) पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर, आणि लेकरू १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी. एसटी स्टँडवर आणि सरकारी ऑफिसात हिरकणी कक्ष असतात, रायगडाचा कडा रात्री उतरून तान्ह्या लेकराकडं गेलेल्या गवळणीचं नाव दिलंय त्यांना. नाव झकास. मी एका स्टँडवर अशा खोलीची चावी शोधत पाऊण तास फिरले, ती सापडली तेव्हा आत पार्सलची खोकी होती आणि माझा ब्लाउज भिजून गेला होता.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांना, ज्यांना कोयता म्हणतात, त्यातलं काहीच लागू पडत नाही. लेकरू फडाच्या कडेला झोळीत, आई मोळ्या बांधते, मधून येऊन पाजते, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, ना फ्रिज ना लाईट. तिथं साठवणं हा विषयच नाही, हातानं काढता येणं तेवढं उपयोगाचं, छाती दाटली तर.

दुसऱ्या लेकराला दूध

आपलं जास्तीचं दूध दुसऱ्याच्या लेकराला देण्यासाठी मातृदुग्ध पेढी असते. आशियातली पहिली १९८९ मधे मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. देणाऱ्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, गरमी (सिफिलिस) या रोगांसाठी रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून गार करून उणे २० अंशांवर ठेवतात. हे काम घरी करायचं नसतं, आणि शेजारणीचं दूध न तपासता पाजणंही धोक्याचं. विकत मिळणाऱ्या आईच्या दुधाबद्दल मे २०२४ मधे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं स्पष्ट सांगितलंय की त्याच्या विक्रीला कायद्यात परवानगी नाही.

मराठवाड्यात पेढीचं दूध म्हणलं की अजून एक प्रश्न येतो. इस्लामी कायद्यात एका बाईचं दूध प्यायलेली लेकरं दूधशरीक भाऊ-बहीण ठरतात आणि त्यांचं आपसात लग्न होत नाही. पेढीत अनेक आयांचं दूध एकत्र करतात, त्यामुळं काही मुसलमान घरं ते घ्यायला बिचकतात. हिंदू घरातही दूधभाऊ हा शब्द आहेच, आणि कुणाच्या जातीचं दूध असेल ही कुजबूजही वॉर्डात ऐकू येते. अशा वेळी आईचंच दूध आईच्याच लेकराला, तिनं काढलेलं, नाव लिहिलेल्या डबीत, हा रस्ता डॉक्टर आधी धरतात, आणि म्हणून काचपेटीच्या बाहेर बसलेल्या त्या ओल्या बाळंतिणीच्या हातात सिस्टर पहिली वस्तू देतात ती उकळलेली स्टीलची वाटी.