वहिवाट आणि नोंद : चॅट नेटवर्कच्या सर्व्हिसेसमागचा इतिहास

कर्वेनगरात एका मित्राच्या घरी भरणाऱ्या आमच्या लिनक्स गटाने स्वतःचं आयआरसी नेटवर्क, म्हणजे अक्षरांतून थेट गप्पा मारण्याची इंटरनेटवरची जुनी व्यवस्था, उभारायचं ठरवलं. सर्व्हर एका दुपारीच चालू झाला. वाद रंगला तो निकसर्व्ह आणि चॅनसर्व्ह, म्हणजे टोपणनावांची आणि चॅनलांची (गप्पांच्या खोल्यांची) मालकी नोंदवून ठेवणाऱ्या 'सर्व्हिसेस', बसवायचे की नाही, यावर. गटातल्या एका तरुण मुलीचं म्हणणं होतं, "पंधरा माणसांत कोण कुणाचं नाव पळवणार?" प्रश्न रास्त आहे, आणि या माध्यमाच्या जन्मापासून तो विचारला जातो आहे. आजवर त्याची काय उत्तरं निघाली, हे नव्या मंडळींना ठाऊक असावं म्हणून ही पार्श्वभूमी.

आयआरसी जन्मलं फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात, ऑगस्ट १९८८मध्ये. यार्को ओइकारिनेन यांनी तिथल्या बुलेटिन बोर्डावरच्या गप्पांच्या प्रोग्रॅमला पर्याय म्हणून ते लिहिलं. त्याच्या नियमांवर त्या मातीचा ठसा अजून आहे. महिरपी कंस हे चौकोनी कंसाचं लहान लिपीतलं रूप मानलं जातं, जसं A चं a, कारण तिथल्या कीबोर्डवर त्या जागी स्वरांची स्थानिक अक्षरं होती. मे १९९३मध्ये आरएफसी १४५९ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज निघाला आणि हे नियम कागदावर आले. त्यात टोपणनाव जास्तीत जास्त नऊ अक्षरांचं, आणि एक संदेश शेवटच्या दोन खुणांसकट ५१२ बाइटांचा.

नाव कुणाच्या मालकीचं, याबद्दल मात्र त्यात काही नव्हतं. जो आत्ता वापरतोय, त्याचं. चॅनलचंही तेच. रिकाम्या चॅनलमध्ये जो पहिला शिरेल तो ऑपरेटर, म्हणजे ऑप, चॅनलचा कारभारी. सगळे बाहेर पडले की चॅनलच नाहीसं, मग पुन्हा पहिला येईल त्याचं. आपल्याकडे जमिनीच्या भांडणात ज्याला वहिवाट म्हणतात, तोच हा कारभार. ओळखीपाळखीच्या काही शेकडो लोकांत तो छान चालला. विद्यापीठांबाहेरची माणसं येऊ लागली तसा तो मोडला.

मोडला कसा, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सर्व्हिसेसचं सगळं कूळ तिथे आहे. आयआरसीचे सर्व्हर झाडाच्या फांद्यांसारखे एकमेकांना जोडलेले असतात. मधली एक जोडणी तुटली की नेटवर्कचे दोन तुकडे होतात, यालाच नेटस्प्लिट म्हणतात. एखाद्या तुकड्यात तुमच्या चॅनलचं कुणीच उरलं नसेल, तर तिथे कुणीही शिरून नवा ऑप होई. जोडणी परत आली की तो ऑपपदासह तुमच्या चॅनलमध्ये हजर, आणि तुम्हाला बाहेर काढायला मोकळा. टोपणनावाचंही तसंच : दोन्ही तुकड्यांत एकच नाव निघालं की टक्कर होऊन दोघांचीही जोडणी तोडली जाई. लोक मुद्दाम स्प्लिटची वाट बघत बसत. चॅनल आणि नाव यांना जन्मवेळ चिकटवून 'जुनं असेल ते खरं' ठरवण्याची पद्धत पुढे आली, आणि ती पुरेशी नाही म्हणणारेही होते. १९९६च्या उन्हाळ्यात ईएफनेट या जुन्या आयआरसी नेटवर्कमधून आयआरसीनेट वेगळं झालं, त्यामागे हाही मतभेद होता.

भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ला. विद्यार्थ्यांना मिळे ते ५०० रुपयांचं शेल अकाउंट, नुसत्या अक्षरांचं. चित्रं दिसत नव्हती, पण आयआरसीला चित्रं लागतच नाहीत. पुण्यातल्या आमच्या पिढीला जगाशी थेट बोलायला मिळालं ते अशा काळ्या पडद्यावर, आणि नंतर नेटकॅफेतल्या एमआयआरसी या विंडोजवरच्या आयआरसी प्रोग्रॅमवर. पावसाळ्यात फोनची लाइन घरघरायची आणि मोडेम मान टाकायचा. पुन्हा डायल करून आत गेलं, तर आपलं नाव आधीच तिथे बसलेलं असायचं, कारण सर्व्हरच्या लेखी जुनी जोडणी अजून जिवंत होती. याला घोस्ट म्हणत. ते हटेपर्यंत नावापुढे एक अधोरेषा जोडून बसायचं, आणि तेवढ्यात ते दुसऱ्या कुणी उचललं तर गेलंच. दोन वर्षं वापरलेलं माझं नाव असंच गेलं. तक्रार कुठे करायची हा प्रश्नच नव्हता, नोंदच नव्हती.

नोंदीची कल्पना त्याआधीची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत निकसर्व्ह नावाचा एक प्रोग्रॅम चालत असे. हे नाव अमुक व्यक्ती वापरते, एवढं तो सांगे, दुसऱ्याने वापरलं तर बजावे, पण अडवू शकत नसे. त्याला दात दिले डालनेट या नेटवर्कने. ईएफनेटवरच्या एका स्टार ट्रेकप्रेमी चॅनलमधल्या लोकांनी जुलै १९९४मध्ये हे नेटवर्क काढलं. इथे पासवर्ड देऊन नाव नोंदवता येई. दुसऱ्याने ते घेतलं तर ठरावीक सेकंदांची मुदत, आणि मग नाव काढून घेतलं जाई. घोस्ट हटवायला स्वतंत्र आज्ञा होती. चॅनसर्व्हमध्ये चॅनलचा संस्थापक, त्याने नेमलेले ऑप, कायमचे हद्दपार केलेले लोक यांच्या याद्या राहत, म्हणून चॅनल रिकामं पडलं तरी मालकी टिकत असे. निरोप ठेवायला मेमोसर्व्ह. सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे काय, हे ज्या घरात ठाऊक आहे तिथल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

तांत्रिक युक्ती साधी आणि सुंदर आहे. सर्व्हिसेस म्हणजे चॅनलमध्ये माणसासारखा बसलेला साधा बॉट, आपोआप चालणारा प्रोग्रॅम, नव्हे. तो प्रोग्रॅम स्वतः एक सर्व्हर असल्याचं सांगून नेटवर्कला जोडला जातो आणि निकसर्व्ह, चॅनसर्व्ह ही 'माणसं' आपल्या पोटातून उभी करतो. सर्व्हर म्हणून त्याच्या शब्दाला वजन असतं : नाव बदल, ऑप दे, जोडणी तोड. धोकाही तिथेच आहे. सर्व्हिसेस बंद पडल्या असताना कुणी 'निकसर्व्ह' हेच टोपणनाव घेतलं, तर लोक आपणहून पासवर्ड त्याच्या हाती देतील. म्हणून डालनेटवर नावापुढे सर्व्हिसेस-सर्व्हरचा पत्ता जोडूनच पासवर्ड पाठवा, असं सांगत. ही नावं राखीव ठेवणं हे आजही सर्व्हर बसवतानाचं पहिलं काम.

ईएफनेटने मात्र वहिवाट सोडली नाही. आजही तिथे निकसर्व्ह नाही. पुढे तिथे चॅनफिक्स आलं, आणि मला ते विलक्षण वाटतं : कोणत्या चॅनलवर कोण किती काळ ऑप होतं, हे ते गुपचूप मोजत राहतं आणि चॅनल ऑपविना पडलं की सर्वाधिक वहिवाट असलेल्यांना ऑप परत देतं. नोंदणी नाही, अर्ज नाही.

बाकी नेटवर्कांनी नोंदीचा रस्ता धरला. अँड्र्यू चर्च यांचा सर्व्हिसेस हा प्रोग्रॅम, त्याच्यापासून एपोना, एपोनापासून अनोप, आणि वेगळ्या घराण्यातलं अथीम, अशी ही वंशावळ. आता एर्गोसारख्या सर्व्हरमध्ये सर्व्हिसेस आतच येतात.

नोंद ठेवणाऱ्याच्या हाती काय असतं, हे २०२१मध्ये दिसलं. फ्रीनोड हे आयआरसी नेटवर्क तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा मोठा अड्डा होतं. पुण्यातही कित्येकांनी फेडोरा या लिनक्स प्रकल्पाच्या बैठका आणि आपल्या पहिल्या पॅचवरची (कोडमधल्या दुरुस्तीवरची) चर्चा तिथेच केली. मालकीवरून वाद होऊन जुने स्वयंसेवक बाहेर पडले आणि १९ मे रोजी लिबेरा चॅट हे त्यांचं नवं नेटवर्क सुरू झालं. जूनमध्ये फ्रीनोडने नवं सॉफ्टवेअर आणलं आणि जुनी नावं, जुनी चॅनल्स त्यात आलीच नाहीत. वर्षानुवर्षांची वही एका दिवसात कोरी.

म्हणून आमच्या बैठकीत माझा आग्रह सर्व्हिसेस बसवण्याचा होता, आणि त्याहून जास्त दोन गोष्टींचा. पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे परत उलगडता न येणाऱ्या रूपात, साठवायचे, जुन्या काळी ते उघडे पडलेले असत आणि विसरलेला पासवर्ड तसाच ईमेलने येई. आणि डेटाबेसच्या फाइलची रोजची प्रत दोन वेगळ्या माणसांकडे राहील.

तिसरा मुद्दा मराठीचा, आणि त्यावर अजून एकमत नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. 'ज्ञानेश्वर' हे नाव तीस बाइटांचं होतं आणि बऱ्याच सर्व्हरांच्या मर्यादेला टेकतं. संदेशातही १७०हून कमी चिन्हं मावतात. शिवाय देवनागरीत न दिसणारी जोडचिन्हं असतात. नावाच्या शेवटी असं एक चिन्ह घुसवलं, तर डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन नावं दोघांच्या नावावर लागू शकतात. एर्गोमध्ये युनिकोड टोपणनावं चालतात आणि सारख्या दिसणाऱ्या नावांची तपासणीही आहे, म्हणून येत्या रविवारी आम्ही त्यावर मराठी नावांची एक लांबलचक यादी चालवून बघणार आहोत. ती मुलगी यादी आणणार आहे.