जेमवर विक्रेता नोंदणी: अर्जाआधी कागद जुळवा

सरकारी कार्यालयाला खुर्च्या, औषधे किंवा झेरॉक्सचा कागद विकायचा असेल, तर बहुतेक वेळा जेम पोर्टलवर, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवर, नाव असावे लागते. हे पोर्टल ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झाले. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम 149 नुसार, जेमवर मिळणारी वस्तू किंवा सेवा केंद्रीय मंत्रालयांना तिथूनच घ्यावी लागते.

उत्पादक, व्यापारी आणि सेवा देणारे असे सगळेच नोंदणी करू शकतात. धंदा एकट्या मालकाचा असो, भागीदारीचा असो की कंपनीचा. नोंदणीला शुल्क नाही, तरी 'करून देतो' म्हणत पैसे मागणारे भेटतातच. पोर्टल कसे चालते ते कळले, की त्यांची गरज उरत नाही.

तुम्ही जे भरता ते जेम प्राप्तिकर, जीएसटी, उद्यम (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि कंपनी नोंदणीच्या सरकारी नोंदींशी ताडून पाहते. त्यामुळे अनेक अर्ज नावापाशी अडतात. एकट्या मालकाच्या धंद्यात पॅन मालकाचेच असते, दुकानाचे नाही. अनेक जण इथे दुकानाचे नाव टाकतात आणि पडताळणी फेल जाते. भागीदारी संस्थेचे पॅन मात्र संस्थेच्या नावाचे लागते. पॅनवर 'विठ्ठल रामचंद्र' आणि आधारवर 'विठ्ठल आर.' असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. जेमच्या मदत केंद्राला फोन करून उपयोग नाही, कारण चूक मूळ नोंदीत असते आणि ती सुधारायचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

हाताशी ठेवायचे: पॅन, आधारशी जोडलेला चालू मोबाइल (ओटीपी त्यावरच येतो), ईमेल, जीएसटी क्रमांक, प्राप्तिकर विवरणपत्राचा पावती क्रमांक, बँक खाते आणि आयएफएससी. कंपनी असेल तर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक.

उद्यम क्रमांक असेल तर तो जरूर जोडा. सूक्ष्म व लघु उद्योगाचा दर सर्वात कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो कमी दर मान्य करून ऑर्डरचा वाटा मिळवता येतो. ही सवलत उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसत्या व्यापाऱ्याने उद्यम काढून ती मिळत नाही.

नोंदणी झाली की माल पोर्टलवर चढवायचा. तेव्हा प्रत्येक वस्तूचा मूळ देश भरावा लागतो. ती जागा रिकामी सोडता येत नाही.