राजमुद्रा राज्याभिषेकाच्या वेळची नाहीये

दरवर्षी ६ जूनला तीच पोस्ट फिरते की शिवरायांची 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही राजमुद्रा १६७४ च्या राज्याभिषेकासाठी बनवली. हे चूक आहे हो. रांझ्याच्या पाटलाला शिक्षा दिली ते २८ जानेवारी १६४६ चं पत्र बघा, त्यावर ही मुद्रा आहे, म्हणजे राज्याभिषेकाच्या अठ्ठावीस वर्षं आधी, महाराज तेव्हा सोळा वर्षांचेही झाले नव्हते! आणि सिरीयलमध्ये दाखवतात तसं लाख वितळवून नाही, अष्टकोनी शिक्का शाईने पत्राच्या वरच्या बाजूला उमटवायचे, त्याखाली मोडीत मजकूर असायचा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' (म्हणजे पत्राची मर्यादा इथे संपली) हा छोटा शिक्का, म्हणजे खाली कुणी गुपचूप ओळ घुसडली तर लगेच पकडली जायची, इतका पक्का बंदोबस्त होता.