सुई हलकी ठेवली की रेकॉर्ड वाचते?

इंदूरच्या मराठी घरांत जुनी रॉक, ब्लूजची तबकडी निघाली की कोणी काका सांगतातच, 'सुईचं वजन कमी कर, रेकॉर्ड झिजेल.' होतं उलटंच. वजन अपुरं पडलं की सुई खाचेच्या भिंतींना धरून चालत नाही, आदळत जाते आणि भिंती कायमच्या खरवडते. सोल गायिका अरीथा फ्रँकलिनचा चढा स्वर फाटल्यासारखा येतो तो असा. रेकॉर्डची एक बाजू संपत येते तिथे हे जास्त, कारण खाच सुईखालून बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर धावते, लेबलाजवळ जेमतेम 20, म्हणजे तोच स्वर कमी जागेत दाटीने कोरलेला.

सुईच्या वजनाची कंपनीने दिलेली मर्यादा पाहा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95ई या कार्ट्रिजला (सुई बसवलेला भाग) 1.8 ते 2.2 ग्रॅम, म्हणजे 2 ठेवा. अँटी-स्केट (सुईची दांडी आत ओढली जाऊ नये म्हणून बाहेर ताण देणारी सोय) शून्यावर आणा, सुईचं टोपण काढा, दांडीच्या मागचं वजन फिरवत दांडी अधांतरी आडवी तरंगू द्या. मग वजन न हलवता फक्त त्यावरची आकड्यांची चकती शून्यावर, नंतर दोन्ही मिळून 2 पर्यंत. अँटी-स्केटही 2. एवढं करूनही स्वर फाटत असेल तर सुईवर इंदुरी उन्हाळ्यातली धूळ बसलीय का बघा, ब्रश मागून पुढे, आडवा कधीच नाही.